मोज्यातला मिलिटरी चाकू

कौतिकराव महाजनांच्या नशिबात इमर्जन्सी नव्हती, हीच त्यांची खरी अडचण. बाकी सगळं होतं. बुऱ्हाणपुरात शनवारा गेटजवळ, केळीवाल्यांना ठिबकच्या नळ्या विकणाऱ्या दुकानात पक्की नोकरी होती. स्वतःचं घर होतं. मालतीबाईंसारखी तोंडावर बोलणारी बायको होती आणि भूमिकासारखी हुशार लेक होती. संकट म्हणावं असं काही त्यांच्या दारी फिरकत नव्हतं, आणि कौतिकराव मात्र कंबर कसून त्याची वाट बघत उभे होते.

तरुणपणी त्यांना फौजेत जायचं होतं. खंडव्याला भरती होती. तिथं ते धावले झकास, छातीही फुगवून दाखवली. मग डॉक्टरांनी ओल्या पायांनी फरशीवर उभं केलं आणि फरशीवर अख्ख्या तळव्याचा ठसा उमटला. तळवे सपाट. डॉक्टर म्हणाले, घरी जा. कौतिकराव घरी आले, पण फौज काही डोक्यातून गेली नाही. हिरवी टोपी आली, जाड बूट आले, स्कूटरच्या डिकीत दोर, शिट्टी, टॉर्च आणि मलमपट्टीचा डबा आला. गल्लीतले लोक त्यांना 'मेजरसाब' म्हणू लागले. म्हणणाऱ्यांच्या गालातलं हसू त्यांना कळत नव्हतं असं नाही, पण हाक आली की ते ओ देत. मला विचाराल तर त्यात काही चूक नव्हती. लोक याहून वाईट गोष्टींना ओ देतात.

तर अशा माणसाला भूमिकाच्या मोबाइलवर तो चाकू दिसला आणि त्यांनी तो लगेच मागवला. घडीचा, फौजी हिरव्या-मातकट ठिपक्यांचा, मुठीवर चांदणी. गाडीत अडकलात तर सीटबेल्ट कापायला बारीक पातं, काच फोडायला मुठीच्या बुडाशी टोक, खिशाला अडकवायला क्लिप. पात्यामागं एक खटका होता. तो बोटानं जरासा ढकलला की पुढचं काम आतली स्प्रिंग करी आणि 'खट्' असा आवाज होऊन पातं बाहेर येई. हा आवाज कौतिकरावांना फार आवडायचा. त्यानंतर पुढची कित्येक वर्षं त्या चाकूनं पेरू कापले, पार्सलच्या पट्ट्या कापल्या, दुकानात नळ्यांची टोकं कापली. कोणाचा जीव म्हणून वाचवला नाही. तरी सकाळी बाहेर पडताना पाकीट एकवेळ विसरत, चाकू विसरत नसत.

खरी गडबड झाली भूमिकाच्या साखरपुड्यात.

मुलगा ललित, रावेरचा, तिथं औषधांचं दुकान. स्वभावानं गरीब, बोलायला गोड. पण घरात चालायची ती त्याच्या आत्याची, रंभाबाईंची. आईवेगळ्या पोराला त्यांनीच वाढवलं होतं, त्यामुळे त्यांच्या शब्दापुढं ललितचे वडीलसुद्धा मान हलवण्यापलीकडं काही करत नसत. साखरपुड्यात अंगठीच्या डबीची फीत सुटेना. भटजी ओढताहेत, ललित ओढतोय, गाठ आणखी आवळतेय. कौतिकरावांना वाटलं, आली! इतक्या वर्षांनी आली आपली वेळ. ते पुढं झाले आणि रंभाबाईंच्या कानापासून हातभर अंतरावर 'खट्' झालं.

रंभाबाईंच्या हातातली पेढ्यांची ताटली पार सतरंजीच्या टोकापर्यंत गेली.

"अरे बापा! पोरीचा बाप चाकू घेऊन फिरतो!" त्या ओरडल्या. "असं घर पाह्यलं का तुमी आमच्यासाठी?"

फीत कापली गेली, अंगठ्या झाल्या, पेढेही वेचले गेले. पण रावेरला कुजबुज सुरू झाली. मुलीचा बाप जरा 'तसा'च आहे म्हणे. आठ दिवस तिकडून फोन नाही. भूमिका शाळेत कॉम्प्युटर शिकवायची. पोरं चिडवतील, स्टाफरूममध्ये विचारतील, या धास्तीनं ती जेवेना. शेवटी ललितनंच आत्याला कसंबसं समजावलं आणि फोन आला. त्या दिवशी भूमिका वडिलांसमोर येऊन बसली.

"पप्पा, प्लीज. लग्नात कोई नाटक नहीं. तो चाकू घरी राहील. माझी शपथ घ्या."

"घेतली बेटा."

"पुन्हा तसं झालं ना, तर मी त्या घरात कोणत्या तोंडानं जाऊ?"

हे शेवटचं वाक्य कौतिकरावांच्या काळजाला लागलं. पोरगी खोटं बोलत नव्हती. ज्या घरात तिला जन्म काढायचा, तिथं तिच्या आधी बापाची चेष्टा पोचली होती. त्यांनी चाकू कपाटात ठेवला, मनापासून ठेवला. लग्नाच्या दिवशी सकाळी मनापासूनच तो काढला आणि डाव्या पायाच्या मोज्यात सरकवला. माणसाचं मन असंच असतं, एकाच दिवशी दोन बाजूंनी खरं.

लग्न दुपारचं होतं, बुऱ्हाणपुरातल्याच एका मॅरेज गार्डनमध्ये. दाराशी केळीचे खांब, आत पंगतीची तयारी, मुहूर्त डोक्यावर. वऱ्हाड रावेरहून निघालं, वाट वाकडी करून इच्छापुरला इच्छादेवीचं दर्शन घेऊन बँड वाजवत दाराशी आलं. आणि दाराशीच थांबलं.

नवरदेवाच्या हातात कट्यार नव्हती.

आपल्याकडे हळद लागली की नवरदेवाच्या हाती कट्यार येते, टोकाला लिंबू खोचलेलं. नजर लागू नये, काही वाईट लागू नये म्हणून ती तो हातची सोडत नाही. ललितनं मात्र इच्छादेवीच्या पायऱ्यांवर मित्रांबरोबर फोटो काढताना ती कठड्यावर ठेवली होती आणि गाडीत बसून तो थेट इकडे आला होता. आता परत जाऊन आणायची तर मुहूर्त टळणार.

"कट्यारीबगर नवरदेव मांडवात पाय नाही ठेवत आमच्यात," रंभाबाईंनी जाहीर केलं आणि दाराशी एक खुर्ची मागवून त्या बसल्या. खुर्ची मागवली म्हणजे काम लांबणार, हे सगळ्यांना कळलं.

आचाऱ्याकडची सुरी आणली. त्यांनी वास घेतला. "यानं कांदा कापला. हे काय शस्त्र आहे?" कोणी अडकित्ता आणला, तो त्यांनी हातातही घेतला नाही. भटजी घड्याळ बघायला लागले. ललित घामानं भिजला. त्याचे वडील मान हलवत उभे होते, पण कोणत्या बाजूनं ते कळत नव्हतं.

आणि कौतिकराव दाराच्या एका खांबाशी उभे होते. डाव्या मोज्यात चाकू जळत होता म्हटलं तरी चालेल. जन्मभर ज्या क्षणासाठी जय्यत तयार राहिले तो समोर उभा, आणि हात पुढं करायची सोय नाही. काढला तर पोरीची शपथ मोडल्याचं उघड होतं आणि ही बाई पुन्हा ओरडते. नाही काढला तर मुहूर्त जातो. पुढं व्हावं की मागं सरावं, हे कळेना. शेवटी ते वळले आणि तडक नवरीच्या खोलीत गेले.

भूमिका शालूत, मुंडावळ्या बांधून बसली होती. मालतीबाई तिच्या बांगड्या सारख्या करत होत्या.

"भूमी," कौतिकराव म्हणाले, "मी शपथ मोडली. चाकू आणलाय."

"कुठंय?"

"मोज्यात."

मालतीबाईंनी कपाळाला हात लावला. भूमिकानं बापाच्या डाव्या बुटाकडं बघितलं. 

"बाहेर काय चाललंय मला कळलंय," ती म्हणाली. "त्यांना शस्त्र पाहिजे ना? द्या. पण पप्पा, ते 'खट्' नको. आत्याबाई घाबरल्या तर सगळं संपलं."

आता हा हुकूम ऐकायला सोपा, पाळायला महाकठीण. तो चाकू हळू उघडतच नव्हता. अर्ध्यापर्यंत तुम्ही न्या, पुढं स्प्रिंग तुमचं ऐकत नाही. कौतिकरावांनी मोरीत जाऊन रुमालात गुंडाळून बघितलं असतं, पण रुमाल फाटून आवाज तो आलाच असता, हे त्यांना ठाऊक होतं. स्वतःच्या चाकूला माणूस ओळखतो. ते सरळ बँडवाल्याकडं गेले.

"वाजव रे."

"कोणतं, काकाजी?"

"कोणतंही. लेकिन जोरात. ढोल फाटला तर मी भरून देईन."

बँडवाल्याला इतकी मोकळीक आयुष्यात कोणी दिली नसावी. त्यानं जे काही सुरू केलं त्यानं केळीच्या खांबांची पानं हलली. कौतिकराव खांबाआड गेले, वाकून मोज्यातून चाकू काढला, ढोलाच्या थापेबरोबर खटका दाबला. पातं बाहेर आलं. कोणाला काही ऐकू गेलं नाही.

मग ते रंभाबाईंसमोर आले. हातात द्यायला गेले तेवढ्यात मागून मालतीबाई धावत आल्या. "हातातून हातात नका देऊ, भांडणं होतात. खाली ठेवा." नवरदेवाला ओवाळायला दाराशी मांडलेल्या पाटावर चाकू ठेवला. रंभाबाई वाकून बघू लागल्या. ठिपके बघितले, चांदणी बघितली.

"हे मिलिटरीचं आहे?"

"तसंच समजा, आत्याबाई."

"यानं कांदा तं नाही कापला कधी?"

"कांदा?" मालतीबाईच बोलल्या. "हा घरात आला त्या दिवशीच मी सांगितलं, माझ्या ओट्याजवळ आणायचा नाही. पेरू कापलेत यांनी, बाकी काही नाही."

रंभाबाई हसल्या. साखरपुड्यापासून पहिल्यांदा. "पेरू चालते," त्या म्हणाल्या, आणि स्वतःच्या हातानं पात्याच्या टोकाला लिंबू खोचलं. ललितनं पाटावरून चाकू उचलला. भटजींनी सुटकेचा श्वास टाकला आणि वऱ्हाड आत शिरलं.

लग्न लागलं. अक्षता पडत होत्या तेव्हा कौतिकराव नवरदेवाच्या हाताकडंच बघत होते, आणि त्यांचा ऊर भरून आला होता. खंडव्याहून घरी आल्यापासून त्यांना एवढं बरं कधी वाटलं नव्हतं. जेवताना रंभाबाईंनी चार जणांत सांगितलंही, "पोरीचा बाप, आमचा याही, तयारीचा माणूस आहे. पोरीला काही कमी नाही पडू देणार." मालतीबाईंनी ते ऐकलं आणि कौतिकरावांना एक जिलबी जास्त वाढली.

पाठवणीची वेळ झाली तेव्हा ऊन उतरलं होतं. फुलांनी सजवलेल्या गाडीत ललित आणि भूमिका मागं बसले, रंभाबाई पुढं. आणि तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आलं की ललितच्या हातातला चाकू अजून उघडाच आहे. घरी देवापुढं ठेवेपर्यंत तो सोडायचा नाही, हा रंभाबाईंचा नेम. उघडं पातं, शेजारी नवरी, आणि रस्त्यावर खड्डे म्हणाल तितके. कौतिकराव खिडकीशी वाकले.

"जावईबापू, मुठीच्या फटीत एक पट्टी दिसते बघा. ती अंगठ्यानं बाजूला ढकला, मग पातं मिटा. नाही, नाही, बोट काढा तिथून! बोट!"

ललितनं बोट काढलं, पुन्हा तिथंच घातलं.  कौतिकरावांनी खिडकीतून हात घातला, तर रंभाबाईंनी मान वळवली. "मांडवातून निघालेलं शस्त्र मागं नाही घ्यायचं, याही."

भूमिका रडत होती. रडतारडताच तिनं चाकू नवऱ्याच्या मांडीवर ठेवायला लावला, तिथून उचलला, लिंबू काढून ललितच्या तळव्यावर ठेवलं. मेंदीच्या अंगठ्यानं पट्टी बाजूला सारली, बोट अलगद मागं घेतलं आणि पातं मिटलं. एका हातानं, न बघता. कौतिकरावांना इतकं सफाईनं जमायला दोन महिने लागले होते.

"तुला कोणी शिकवलं?" त्यांनी विचारलं.

"रोज संध्याकाळी खुर्चीत बसून तुम्ही हेच करायचा ना, पप्पा. मी समोर अभ्यासाला बसायची." तिनं पदरानं डोळे पुसले आणि चाकू पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवला; आता तो घरच्याच सुनेकडं होता, तेव्हा रंभाबाईंचाही नेम मोडला नाही. "आता ऐका. काही इमर्जन्सी आली तर मला फोन करायचा. रात्री-बेरात्री कधीही. मी आहे."

गाडी निघाली. लोक पांगले, मंडपवाले खुर्च्या उचलायला लागले. मालतीबाई आत बसून एकट्या रडून घेत होत्या. कौतिकराव दाराशी उभे होते. आपल्याला काय होतंय ते त्यांना नेमकं सांगता आलं नसतं. गाडी गावाची वेस ओलांडते न ओलांडते तोच त्यांनी फोन लावला.

"काय झालं, पप्पा?"

"इमर्जन्सी आहे," ते म्हणाले, आणि दाराशी राहिलेल्या रंभाबाईंच्या खुर्चीत बसले.