नामदेवभाऊंच्या गोठ्याची बायो-सिक्युरिटी

गुरांच्या डॉक्टरला किस्से गोळा करावे लागत नाहीत. चपलेला शेण लागतं ना, तसे ते आपोआप घरी येतात! मी राहते शहरात, इंदिरानगरला; ज्या गोठ्यांवर जाते ते हरसूलकडच्या खेड्यांतले. त्यातले निम्मे किस्से एकट्या नामदेवभाऊंचे.

*

शेजारच्या गावात लम्पी, म्हणजे गुरांच्या अंगावर गाठी आणणारा साथीचा रोग, आला होता. भाऊंचं घर चालतं गायींच्या दुधावर. रोग आत शिरला की खेळ खलास. म्हणून मी फाटकात जंतुनाशकाचं पाणी ठेवायला लावलं. येणाऱ्याने त्यात पाय बुडवूनच आत यायचं.

पुढच्या वेळी बघते तर काय! लोक चपला बाहेर काढून अनवाणी पाय बुडवतायत, वर नमस्कार करतायत. कुणीतरी झेंडूचं फूलही वाहिलेलं.

"अहो, चपलांसकट बुडवायचे!"

"लक्ष्मीच्या दारात चपला घालून? काय मॅडम, कायतरीच!" भाऊ म्हणाले.

*

भाऊंनी नवी गाय आणली. मी बजावलं, "काही आठवडे हिला वेगळी बांधा, रोग असला तर कळेल." त्यांनी मागे खास पडवी घातली. मी खूश! नंतर गेले, तर पडवीत दोन गायी.

"ही दुसरी कोण?"

"आपलीच कपिला. नवीला एकटीला करमंना, सारखी हंबरायची. म्हटलं, ऱ्हाऊ दे सोबतीला."

मी कपाळावर हात मारला. नशीब, नवी गाय धडधाकट निघाली.

*

त्या दिवशी माझा पारा चढला. "भाऊ, रोगाला गोठ्याबाहेर ठेवायचं, याला बायो-सिक्युरिटी म्हणतात! जरा मनावर घ्या!"

त्यांनी घेतलं. पुढच्या खेपेला फाटकात खुर्ची टाकून, हातात काठी घेऊन त्यांची आत्या बसलेली!

"सिक्युरिटीला बायो पायजे म्हणालात ना? आमच्यात हीच एक खमकी बायो हाय."

आत्याने पहिल्यांदा मलाच अडवलं. "कुठून आलीस गं?"

"एक आजारी गाय बघून."

"मंग कापडं बदल, नायतर माघारी जा."

मी आत्याचं लुगडं नेसून गायी तपासल्या. त्या अवताराचा फोटो अजून भाऊंच्या मोबाइलमध्ये आहे, मेले डिलीट करत नाहीत.

*

मग भाऊंच्या लेकीला, सुमनला बघायला पाहुणे आले; मी नेमकी तेव्हा गोठ्यातच होते. भाऊंना स्थळ लय आवडलेलं. आत्या मात्र खुर्चीवरून हलेना.

"घरी गुरं हायेत?"

"आहेत की."

"एखादं आजारी?"

नवरदेवाचे वडील सरळ माणूस. "एका गायीच्या अंगावर गाठी आल्यात."

झालं! काठी आडवी. "तिथंच थांबा. पोरगी भाईर येईल."

रस्त्यावर सतरंजी अंथरली. पोहे फाटकावरून गेले. सुमनने सगळ्या प्रश्नांची उत्तरं फाटकाला टेकून दिली, आणि मध्ये आत्याची काठी!

पाहुणे गेले तसे भाऊ रडकुंडीला आले. "आत्ये, गायी राखल्यास, पण पोरीचं चांगलं स्थळ घालवलंस!" सुमन रस्त्यावरची सतरंजी गोळा करायला लागली. मला फार वाईट वाटलं.

तेवढ्यात नवरदेवाच्या वडिलांचा फोन. भाऊंनी घाबरतच स्पीकरवर टाकला.

"मुलीचं सावकाश बोलू हो. आधी सांगा, आत्याबाईंना थोडे दिवस आमच्या फाटकावर पाठवता का?"