साडभाऊंचं चालतं घर

घर सोडून प्रवासाला जाणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. प्रवास टाळून घरात बसणारी त्याहून जास्त पाहिली, आणि मी स्वतः त्यांच्यातलाच आहे. पण घरातून पाय बाहेर न काढता गावोगाव हिंडलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, तो म्हणजे आमचे साडभाऊ. त्यांची बायको ही माझ्या बायकोची थोरली बहीण. एवढ्या नात्याच्या जोरावर त्यांनी मला ऐन उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत बसवून किती रस्ते दाखवले, ते आठवलं तरी अजून माझी कंबर दुखते. मी मंगरूळपीरला शाळेत मास्तर होतो. मास्तराला उन्हाळ्यात काही काम नसतं असा साडभाऊंचा समज होता, आणि तो खरा असल्यामुळे मला कधी खोडून काढता आला नाही.

साडभाऊ त्याच गावात ट्रॅक्टरचे मिस्त्री होते. सत्तरनंतरच्या त्या वर्षांत आमच्या भागात ट्रॅक्टर नवेनवे येत होते आणि येतील तितक्याच वेगानं बिघडत होते. वाशीम जिल्हा तेव्हा झालेला नव्हता, आम्ही सगळे अकोल्यात मोडायचो, आणि अकोल्याहून मिस्त्री आणायचा म्हणजे दोन दिवस मोडायचे. त्यामुळे साडभाऊंना मोठा मान होता. त्या मानाचा त्यांनी एकच गैरफायदा घेतला. दुरुस्त केलेलं ट्रॅक्टर लांबवर चालवून पाहिल्याशिवाय ते मालकाच्या हवाली करायचे नाहीत. याला ते 'ट्रायल' म्हणायचे. मालक दारात उभा राहून विचारायचा, "मिस्त्री, झालं का जी आमचं काम?" साडभाऊ गंभीर चेहऱ्यानं सांगायचे, "काम झालं. पण इंजन गरम झाल्यावर काय बोलते ते आयकाचं राह्यलं." मग ट्रॅक्टरच्या मागे त्यांचं ते चालतं घर जोडलं जायचं आणि इंजिन काय बोलतं ते ऐकायला आम्ही सहकुटुंब निघायचो.

हे घर त्यांनी स्वतः बांधलं होतं. खाली मोडीत निघालेल्या ट्रॉलीचा दोन चाकांचा सांगाडा, वर पत्र्याच्या भिंती, दोन बाजूंना खिडक्या आणि मागे एक दार. छपरावर कापसाचा बारदाना शिवून टाकलेला, त्यावर वाटेतल्या प्रत्येक विहिरीवर पाणी शिंपडायचं. आत दोन बाजेएवढ्या फळ्या, रात्री त्यांवर झोपायचं आणि दिवसा त्यांखाली डबे ठेवायचे. माठाला लोखंडी कडं, कड्याला चिंध्या गुंडाळलेल्या. भांडी सुतळीनं अशी टांगलेली की एकमेकांना लागू नयेत. तरी ती लागायचीच. आम्ही गावात पोचायच्या आधी आमचा आवाज पोचायचा आणि पोरं रस्त्यावर येऊन उभी राहायची. लोक त्याला सरळ 'डब्बा' म्हणायचे. साडभाऊंना ते आवडायचं नाही, पण पुढे पुढे तेही डब्बाच म्हणू लागले.

या घरात राहण्याचे नियम शाळेतल्यापेक्षा कडक होते. दिवस हातभर वर असतानाच मुक्काम करायचा, कारण अंधारात जागा चांगली वाटते आणि सकाळी ती नाल्यात निघते. लावताना घराचं तोंड रस्त्याकडे ठेवायचं, म्हणजे निघताना मागे घेण्याची कसरत नको. आंब्याखाली थांबायचं नाही, लाल मुंग्या येतात. चिंचेखाली थांबायचं नाही, हे मात्र कोणी भुताच्या भीतीनं म्हटलेलं त्यांना खपायचं नाही. "भूतगीत काई नाई, मास्तर. चिंचेचे बुटुक पत्र्यावर पडले का रातभर झोप येत नाई, येवढंच हाये." कडुनिंब सर्वांत उत्तम. जागा सपाट आहे की नाही हे पाहायला त्यांच्याकडे वरणाचं ताट होतं. ताट फळीवर ठेवायचं, वरण ज्या काठाकडे धावेल त्या बाजूच्या चाकाखाली चपटा दगड. वरण मधोमध स्थिर होईपर्यंत कोणाला जेवायला मिळायचं नाही, आणि तोवर ते गार झालेलं असायचं.

सगळ्यांत मोठा नियम वजनाचा. जड सामान पुढे, ट्रॅक्टरच्या बाजूला, हलकं मागे. हा नियम ते माणसांनाही लावायचे. माझी बायको अंगानं जरा भरलेली, तिची जागा कायम पुढच्या फळीवर, तुरीच्या डाळीच्या डब्याशेजारी. मी मागे दाराशी, पिशव्यांबरोबर. पहिल्याच प्रवासात चहाला थांबल्यावर हिनं कंटाळून जागा बदलली आणि माझ्याशेजारी येऊन बसली. पुढच्या उताराला घर शेपूट हलवू लागलं. आधी थोडं, मग चांगलंच. माठ फुटला, मी पिशव्यांवरून थेट थोरल्या मेव्हणीच्या मांडीपाशी गेलो. साडभाऊंनी ब्रेक न लावता हळूहळू वेग कमी केला, थांबले, मागे येऊन दार उघडलं आणि आत पाहून शांतपणे म्हणाले, "जागा कोणं बदलली?" ही त्यानंतर दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही, पण पुढच्याच फळीवर बसली.

आता हे सगळे उद्योग कशासाठी, असं कोणी विचारलं की साडभाऊंचं उत्तर तयार असायचं. हवापालट. खरं कारण आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांना एकच लेक, सुमन. तिचं लग्न मानोऱ्याच्या अलीकडच्या एका खेड्यात झालं, आणि पुढच्याच उन्हाळ्यात साडभाऊंनी मोडीत गेलेला सांगाडा घरी आणला. आमच्याकडे जुनी रीत अशी, की लेकीला मूल होईपर्यंत आईबापानं तिच्या सासरी अन्नपाणी घ्यायचं नाही. जायचं, भेटायचं आणि उपाशी परत यायचं. सकाळच्या एसटीनं गेलेला बाप दुपारच्या एसटीनं परतायचा, आणि एवढ्यानं साडभाऊंचं भागत नव्हतं. त्यांना लेक चार दिवस डोळ्यांसमोर हवी होती. म्हणून त्यांनी स्वतःचं घर, स्वतःची चूल आणि स्वतःचं पाणीसुद्धा तिच्या गावाच्या शिवेपर्यंत ओढत नेण्याची ही युक्ती काढली होती.

गंमत अशी की बाकी रीतीभातींना या घरात थारा नव्हता. साडभाऊंचे वडील छप्पन्न साली नागपूरला जाऊन बौद्ध झाले, आणि परत आल्यावर घरातले देव, उपास, नवस, गंडेदोरे सगळं एका दिवसात बाहेर गेलं. सुमनचं लग्नही आम्ही पंचशील घेऊन, हुंडा न देता केलं होतं. मांजर आडवं गेलं म्हणून थांबणाऱ्या माणसाला साडभाऊ ट्रॅक्टरवरूनच चार गोष्टी सुनवायचे. आणि हाच माणूस लेकीच्या घरचा चहा समोर आला की हात मागे घ्यायचा. मी एकदा छेडलं तेव्हा म्हणाले, "मास्तर, हे देवाधर्माचं नाई. पोरगी देल्ली. आता तिच्या घरी जेवाचं म्हंजे तिच्याच ताटातला घास उचलाचा. आमच्या बुड्यानं बी पाळलं हे." त्यांच्या आवाजात रीत कमी आणि माया जास्त होती.

निघताना ते दर वेळी वेगळं ठिकाण सांगायचे. एकदा लोणारचं सरोवर पाहायचं ठरलं. लोणार मंगरूळपीरहून पश्चिमेकडे आहे, आणि सूर्य चांगला समोर असताना सकाळी आम्ही मानोऱ्याच्या रस्त्यावर होतो. मी खिडकीतून ओरडून दिशा सांगितली. साडभाऊ म्हणाले, "तिकडचा रस्ता खराब हाये." मग सुमनच्या गावाचा कडुनिंब दिसला की न चुकता चाक गरम व्हायचं. चाक गार होईपर्यंत मुक्काम, आणि ते गार व्हायला चार-पाच दिवस लागायचे. वरणाचं ताट ठेवायचं, दगड लावायचे, आणि साडभाऊ दाराशी स्टुलावर गावाकडे तोंड करून बसायचे.

सुमन हातातलं काम टाकून यायची. ती आली की तिला स्टुलावर बसवून हे स्वतः जमिनीवर बसत, तिच्या आईनं केलेली भाकर तिला वाढत आणि ती खाताना पाहत राहत. तिनं पदराआड आणलेला एखादा आंबासुद्धा तिच्याचबरोबर परत जायचा. व्याही मोठा सज्जन माणूस. तो डोक्याला रुमाल बांधून रोज सकाळी यायचा आणि रोज तेच विचारायचा, "इवाई, आमचं घर काय लहान हाये? तुमी असे शिवेवर पडून राहता, लोक आमाले काय म्हणतीन?" साडभाऊ त्याला बसवून चहा पाजायचे. व्याही चहा प्यायचा, उसासा टाकायचा आणि घरी जायचा. या रीतीचा सर्वांत मोठा जाच मला होता. मी मुलीचा मावसा, मलाही तेच लागू, असा साडभाऊंचा निवाडा होता. विहीणबाईंच्या हातच्या आमरसाची कीर्ती मी पार मंगरूळपीरला ऐकून होतो, आणि तो रस हाकेच्या अंतरावर असताना मी गार वरण खात होतो.

उन्हाळे असे जात राहिले. सुमनला मूल झालं नाही. अकोल्याच्या डॉक्टरणीला दाखवून झालं, औषधं झाली. त्याबद्दल साडभाऊ कधी बोलायचे नाहीत, फक्त डब्ब्यात दर वर्षी काहीतरी नवीन सोय व्हायची. एका वर्षी खिडक्यांना जाळी आली, एका वर्षी स्टोव्हला आडोसा. लांबच्या मुक्कामाची तयारी चालली होती हे आम्हाला कळत होतं.

आणि एका उन्हाळ्यात आम्ही जाऊन लागलो, वरण स्थिर झालं, आणि सुमन आली नाही. दुसऱ्या दिवशीही आली नाही. साडभाऊ स्टुलावरून उठेनात. व्याह्यानं येऊन सांगितलं की पोरगी बरी आहे, कामात आहे, येईल. साडभाऊंचा चेहरा एवढासा झाला. तिसऱ्या दिवशी सकाळी ती आली ती रिकाम्या हातांनी, आणि स्टुलावर न बसता दाराला धरून उभी राहिली.

"बाबा, तुमी येता तर मले आनंदच होते," ती म्हणाली. "पण हा डब्बा इथं लागला का साऱ्या गावाले समजते. मी पाणी भराले गेली का बाया इचारतात, तुया बाप अजून बाहेरच का वं? म्हंजे मले अजून लेकरू नाई, हे त्याईले दरसाल तुमीच सांगून राह्यले."

साडभाऊंनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. पोरगी थांबली नाही. तिचा आवाज चढला नव्हता, म्हणून तो जास्त लागत होता.

"आजोबानं नागपूरले जाऊन सारं सोडलं म्हणता ना? मंग हे एकच काहून चाकावर घालून हिंडवून राह्यले? मले लेकरू झालंच नाई तर माया घरचा घास तुमच्या पोटात कधीच जाणार नाई का? लेकरू नसलं तर मी तुमची पोरगी नाई का?"

एवढं बोलून ती गेली. थोरली मेव्हणी स्टोव्हवर भात शिजवत होती. तिनं तो उतरवला, स्टोव्ह विझवला, पायांत चपला घातल्या आणि खाली उतरली. साडभाऊ म्हणाले, "कुठं चालली?" "जेवाले," ती म्हणाली. "पोरीचं लगन झालं तवापासून भूक लागली हाये मले." आणि मागे न पाहता ती लेकीच्या पाठोपाठ गावाच्या वाटेला लागली. माझी बायकोही पुढच्या फळीवरून उतरून बहिणीमागे गेली.

राहिलो आम्ही दोघे. पत्रा तापायला लागला होता. साडभाऊ स्टूल सावलीत ओढून बसले. मग म्हणाले, "मास्तर, मले वाटे मी तिचा मान ठेवून राह्यलो." मला त्यांची फार दया आली. इतकी वर्षं ज्या मायेनं या माणसानं एवढा पत्रा ठोकला, तीच माया लेकीला टोचत होती, आणि हे सांगायची पाळी लेकीवरच आली होती. ते उठले, माठातलं पाणी घेऊन हातपाय धुतले, ट्रंकेतला धुतलेला सदरा काढून घातला. दाराला कडी न लावताच चालू लागले. मी मागोमाग.

व्याह्याच्या घरी ओसरीवर पाट मांडून झाले होते. व्याह्यानं फक्त तांब्या पुढे केला, साडभाऊंनी तो घेतला आणि उभ्याउभ्या निम्मा रिकामा केला. विहीणबाई आत गेल्या आणि वाढायला सुमनला पुढे केलं. भाकर, तुरीचं वरण, ठेचा आणि रसाची वाटी. मी रसाची किती वर्षं वाट पाहिली होती, पण खरं सांगतो, त्या दिवशी तो कसा लागला ते मला आठवत नाही. मी साडभाऊंकडे पाहत होतो. पहिला घास त्यांनी तोंडात घातला. मग ते जेवू लागले. सुमन वाढायची, ते खायचे. तिनं भाकर आणली की ते ताट पुढे करायचे. त्यांचा आहार बेताचा, हे आम्ही सगळे जाणून होतो, पण त्या दिवशी त्यांनी एकदाही नको म्हटलं नाही. शेवटी सुमननंच परात खाली ठेवली आणि त्यांच्यासमोर बसून म्हणाली, "आता पुरे, बाबा. संध्याकाळी पुन्हा जेवाचं हाये."

सुमनला पुढेही मूल झालं नाही. साडभाऊ मात्र हातपाय चालत होते तोवर दर उन्हाळ्यात एसटीनं, हातात नुसती एक पिशवी घेऊन, तिच्याकडे जाऊन राहिले. मी कधी त्यांना स्टँडवर सोडायला जायचो. ओळखीचं कोणी भेटलं आणि विचारलं की मिस्त्री, कुठं निघाले, तर इतकी वर्षं खोटी गावं सांगणारा हा माणूस सगळ्या स्टँडला ऐकू जाईल अशा आवाजात सांगायचा, "पोरीच्या घरी. जेवाले."