नागपूरचा वाइड रिसीव्हर

ऐंशीच्या दशकाच्या शेवटाला, लीड्सला शिकत असताना, मी अमेरिकन फुटबॉल खेळायचो असं सांगितलं की लोक आधी माझ्या पोटाकडे बघतात आणि मग विषय बदलतात. पण पोट हीच माझी पात्रता होती. मी पुढच्या फळीत खेळायचो. आमचा क्वार्टरबॅक बॉल फेकत असताना त्याच्या अंगावर धावून येणाऱ्याला वाटेतच अडवायचं, एवढंच माझं काम. बॉलला हात लावायचा नाही. लावायची इच्छाही नव्हती.

रविवारी टीव्हीवर हा खेळ दाखवायला लागले होते आणि तो बघून कॉलेजाकॉलेजांत टीम निघाल्या होत्या. आमचीही निघाली. हेल्मेटं डोक्यावर गरागरा फिरायची, नियम अर्ध्यांनाच ठाऊक होते, पण खरी रड वेगळीच होती. क्वार्टरबॅक बॉल सुरेख फेकायचा आणि तो झेलायला कोणी नव्हतं. मैदानाच्या कडेने सुसाट पळत जाऊन लांबून आलेला बॉल झेलतो तो वाइड रिसीव्हर. आमचे दोघे सुसाट पळायचे, बस. बॉल त्यांच्या हातावर, छातीवर, एकदा तर दातांवर आपटून चिखलात पडायचा. पहिल्या वर्षी आम्ही एकूण एक मॅच हरलो.

आमचा कोच अमेरिकन होता, मध्ययुगीन मठांवर पीएचडी करायला आलेला. त्याने दुसऱ्या वर्षी जाहीर केलं की आता अमेरिकेसारखं रिक्रूटिंग करायचं. तिकडे म्हणे कोच लोक चांगल्या रिसीव्हरच्या घरी जातात, त्याच्या आईला फुलं देतात, मुलगा आमच्याच कॉलेजला पाठवा म्हणून गळ घालतात. हे काम माझ्याकडे आलं, कारण मी फार बोलतो असं सगळ्यांचं एकमत होतं.

मी आधी रग्बीवाल्यांकडे गेलो. "ती पॅडं तुम्ही थंडी वाजते म्हणून घालता का?" एकाने विचारलं. मग साडेसहा फुटांचा एक बास्केटबॉलवाला पटवला. तो मैदानावर आला, चिखल बघितला, स्वतःचे पांढरे बूट बघितले आणि परत गेला.

रिसीव्हर सापडला तो मराठी मंडळाच्या दिवाळीत. चर्चचा हॉल भाड्याने घेतलेला. आई मला ओढून घेऊन गेली होती. किचनमध्ये कोणीतरी वरचं कपाट उघडलं आणि लोणच्याची मोठी बरणी कलंडली. खाली चष्मा लावलेला एक बारीकसा माणूस भरलेलं ताट हातात घेऊन कुणाला तरी कापडाच्या रंगांबद्दल काही समजावत होता. त्याने दुसरा हात खाली नेऊन बरणी गुडघ्याजवळ झेलली, ओट्यावर ठेवली आणि वाक्य पुरं केलं. ताटातली आमटीसुद्धा हलली नाही.

मी त्याला तिथेच गाठलं. "तुम्ही क्रिकेट खेळायचे?"

"नागपूरला. कॉलेजचा विकेटकीपर होतो. का?"

"आमचा टीमला तुमची गरज आहे."

"आमच्या टीमला," त्याने सुधारलं. मी आठव्या वर्षी इंग्लंडला आलो. विभक्तीच्या बाबतीत माझं हे असंच असायचं.

तो सत्तावीस वर्षांचा, रंगांच्या केमिस्ट्रीत पीएचडीच्या शेवटच्या वर्षाला. मी आठवडाभर त्याच्या लॅबच्या चकरा मारल्या.

"रविवारी सकाळी आमची बुद्धवंदना असते," तो म्हणाला.

"मॅच दुपारी असते."

"अंगावर किती लोक येतात?"

"एका वेळी?"

"म्हणजे एकाहून जास्त?"

"साधारण दोन. तीन आले तर आपण चांगलं खेळतोय असं समजायचं."

तो मायक्रोस्कोपकडे वळला. शेवटी कोच म्हणाला, घरी जाऊ. त्याची आई नागपूरला, त्यामुळे फुलं मिळाली ती घरमालकिणीला, एका यॉर्कशरी विधवा बाईंना. एवढी फुलं बऱ्याच वर्षांत मिळाली नसावीत. त्यांनी आम्हाला आत बसवलं, केक कापला आणि वर हाक मारून त्याला खाली बोलावलं.

"जा खेळायला," त्या त्याला म्हणाल्या. "दिवसभर खोलीत वाचत बसतोस. चेहरा बघ कसा पांढरा पडलाय!"

त्याने हात उलटसुलट करून बघितले आणि हसत सुटला. हसता हसताच हो म्हणाला.

पहिल्या मॅचला तो पायजम्याचं इलॅस्टिक चष्म्याला बांधून आला. फेकलेला प्रत्येक बॉल त्याने झेलला, मागून आलेले, वाकडे गेलेले, सगळे. आणि दर वेळी झेलल्यावर, कोणी जवळ यायच्या आत, शिस्तीत मैदानाच्या रेषेबाहेर पाऊल टाकून उभा राहिला; बाहेर गेलेल्याला पाडता येत नाही. कोच बाजूने ओरडत होता, "पुढे पळ! पुढे!"

तो माझ्याकडे आला. "बॉल झेलायचं ठरलं होतं. मार खायचं ठरलं नव्हतं."

"नाही," मी कबूल केलं.

मॅच संपायला मिनिटभर उरलं आणि आम्ही चार पॉइंटांनी मागे होतो. त्याने आणखी एक बॉल झेलला, पण या वेळी तो मैदानाच्या मधोमध होता आणि दोन्ही बाजूंनी धटिंगण येत होते. रेषा लांब. मोकळी जागा फक्त पुढे. मग तो जो पळाला! डोकं मागे, चष्मा हनुवटीवर, तोंडाने अस्सल नागपुरी शिव्या. थेट शेवटच्या रेषेपार. टचडाउन, म्हणजे सहा पॉइंट. आम्ही जिंकलो, आयुष्यात पहिल्यांदा.

मी आनंदाने वेडा होऊन धावलो आणि त्याच्यावर उडी घातली. मी तेव्हा सोळा स्टोन होतो, म्हणजे शंभर किलो. काडकन आवाज आला तो त्याच्या उजव्या मनगटाचा.

आम्ही त्याला हॉस्पिटलमध्ये नेलं. बाबा तिथेच डॉक्टर होते, ते खाली कॅज्युअल्टीत आले. "कोणी पाडलं तुम्हाला?"

"तुमच्या मुलाने."

"तो समोरच्या टीममध्ये आहे?"

"नाही हो. आमच्याच."

बाबांनी माझ्याकडे असं बघितलं की मला माझंच मनगट मोडून घ्यावंसं वाटलं. कोचला तर रडूच फुटलं. आपण अमेरिकेत कधीच खेळलो नाही, कॉलेजच्या बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवायचो, हे त्याने आम्हाला कॅज्युअल्टीतल्या बाकावर बसून सांगितलं. आम्हाला फारसं आश्चर्य वाटलं नाही.

उरलेल्या मॅचेस आम्ही हरलो. रिसीव्हरच्या हाताला प्लास्टर, त्याची प्रबंध द्यायची वेळ आलेली, म्हणून प्रबंध मी टाइप करायचा असं ठरलं. ठरलं म्हणजे आईने ठरवलं. तीन महिने रोज दुपारी तो पलंगावर बसून सांगायचा आणि मी दोन बोटांनी बडवायचो. माझं इंग्रजीही तो सुधारायचा. एकदा न राहवून मी विचारलं, पळताना कसं वाटलं?

"भीती वाटली," तो म्हणाला. "पण कोणाला सापडलो नाही ना? पुढचा परिच्छेद घे."