जर्मन कवीचे ज्यू आणि आमचं घर

आमच्या गल्लीतल्या निवृत्त हेडमास्तरांना म्हातारपणी जर्मन शिकायची हौस आली आणि ताप झाला आम्हाला. कुणा जुन्या जर्मन कवीच्या ज्यूंवरच्या कविता त्यांनी मराठीत आणल्या आणि वाचनालयात वाचायचं ठरवलं. पनवेलात ज्यू म्हणजे आम्ही, शनवार तेली; पूर्वी तेल गाळायचो आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचो, म्हणून हे नाव. म्हणून आधी वडिलांना ऐकवायला ओटीवर येऊन बसले.

काय ते ज्यू, अरे देवा! एक सावकार, एक फाटका फेरीवाला, बाकीचे वेशीबाहेर गाठोडी घेऊन रडताहेत. ती दुःखं खोटी नव्हती, कळतं मला. पण आमची नव्हती ना! नऊवारीचा पदर खोचून आई आमच्या नवसाच्या मलिद्यासाठी पोहे भिजवत होती. ती म्हणाली, "मास्तर, यात जेवतं कुणीच नाही का हो?"

वडील म्हणाले, "आम्हाला इथे कुणी कधी वेशीबाहेर काढलं नाही. एवढं तरी लोकांना सांगा."

"तुम्ही अपवाद. खरे ज्यू असे नसतात," मास्तर म्हणाले. घ्या! म्हणजे ज्यू कसं व्हायचं ते आता जर्मनीकडून शिका!

वडिलांना हे लागलं, कारण दादा इस्रायलला गेला होता आणि 'तुम्हीही या' म्हणून मागे लागला होता. "माझा देश हाच," म्हणून वडील हटून बसले होते. शेवटी सभेत दोन शब्द वडीलच बोलणार असं ठरलं. मास्तरांनी कार्यक्रम ठेवला शनिवारी संध्याकाळी. का, तर "तुमची सुट्टी असते ना!" जन्म शेजारात गेला या माणसाचा! आमचा शब्बाथ शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत चालतो; त्याची प्रार्थना संपवून आम्ही मशिदीतून, म्हणजे आमच्या सिनेगॉगमधून, पोचलो, तोवर सभा उठत होती. बायका डोळे पुसत होत्या. एकीने आईचा हात धरला, "फार सोसलंत हो!"

"काय सोसलं?" आई विचारत राहिली. ऐकतंय कोण!

दुसऱ्या दिवशी वडिलांचे बालमित्र आले. दोघं याच गल्लीत विटीदांडू खेळून मोठे झालेले. बराच वेळ ते घुटमळले, मग अगदी मायेने म्हणाले, "तुमचा देश मिळालाय तुम्हाला, आज ना उद्या जाशीलच. घर तेवढं बाहेरच्याला देऊ नकोस रे, मला सांग."

वडिलांनी त्यांना चहा पाजला, दारापर्यंत सोडलं. मग आत येऊन मला म्हणाले, "दादाला कळव. येतो म्हणावं."