गाणं सुरू झालं होतं

अन्याय संदेशवर झाला. केव्हा झाला तेही नेमकं सांगते, कारण भांडुपमध्ये आता जो तो ‘तसं काही झालंच नव्हतं’ म्हणायला लागला आहे. गेल्या डिसेंबरात, कोविडच्या काळात गेलेल्या वस्तीतल्या माणसांसाठी मंडळाने आदरांजलीचा कार्यक्रम ठेवला होता. त्यात संदेशने गिटारवर सुरुवात केल्यानंतर आणि गाण्याचा पहिला शब्द त्याच्या तोंडून निघायच्या आधी त्याचा आवाज बंद करण्यात आला. बंद करणारे दुष्ट नव्हते. त्यांना वाटलं, हा अजून टेस्टिंगच करतोय. निवेदक माइकवर म्हणाला, “कलाकारांची तयारी होतेय, तोवर आपण पाहुण्यांचा सत्कार उरकून घेऊ.” सत्कार झाला. पाहुण्यांना दुसरीकडे जायचं होतं, ते निघाले. त्यांच्यामागे मंडळ निघालं, आणि मग खुर्च्या उचलणारे आले. पहिल्या रांगेत संदेशची आई, विमलमावशी, नवऱ्याचा फोटो मांडीवर घेऊन बसली होती. ते गाणं त्या फोटोतल्या माणसासाठी होतं.

दीड महिन्यापूर्वी संदेश गेला. डेंग्यू झाला आणि चार-पाच दिवसांत सगळं आटोपलं. मावशीचा फोन आला तेव्हा मी आमच्या भाडेकरूंच्या संघटनेचं पत्रक वाटत मुलुंडला उभी होते. मी हॅलो म्हटलं. ती म्हणाली, “ये गं. बसायला ये.” एवढ्यावर मला सगळं कळलं.

संदेश आणि मी एका शाळेतले. तो एका लॅबसाठी घरोघर जाऊन रक्ताचे नमुने गोळा करायचा. सकाळी बाईकवरून घाटकोपर ते मुलुंड, दुपारी घरी. दुपारी तो गिटार वाजवायचा, त्यालाही कारण होतं. त्यांच्या बिल्डिंगमागे टॉवरचं काम चालू आहे, दिवसभर पायलिंगचं मशीन जमिनीत घण घालतं. “त्या आवाजात मला कोण शिव्या घालणार?” तो म्हणायचा. रविवारी मशीन बंद, म्हणून संदेशही बंद. बाकीचं जग सुट्टीच्या दिवशी छंद जोपासतं, हा माणूस सुट्टीच्या दिवशी गिटारला हात लावत नव्हता.

तो वाजवायचा ते डूम मेटल. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते: मेटल म्हटलं की आपल्याला केस उडवणारी पोरं आणि कान फाटणारा वेग आठवतो. डूम त्याच घरातलं संथ भावंड. गिटारच्या तारा सैल करून आवाज खर्जात नेतात, एक आघात करतात आणि तो विरेपर्यंत थांबतात. मग दुसरा. संदेशचा त्यात एक नियम होता. शेवटचा सूर वाजला की तारेवर हात ठेवायचा नाही, बोलायचं नाही, बटण बंद करायचं नाही. “वाजू दे. थांबेल स्वतःच.” मला ते कधी जमलं नाही. मी मधेच विचारायचे, “झालं का रे?” तो हाताने ‘थांब’ म्हणायचा.

त्याच्या खोलीत भांडायला आम्ही तिघं. तिसरा केदार, मुलुंडचा, कानावर कायम हेडफोन, घरात रेकॉर्डचं कपाट. केदारचं म्हणणं ठरलेलं होतं. डूमचं मूळ इंग्लंडमधल्या कारखान्यांच्या गावात आणि त्याच्याही मागे अमेरिकेतल्या काळ्या मजुरांच्या ब्लूज गाण्यांत. ते ज्याला लागतं त्यालाच लागतं, सगळ्यांना कळायला लागलं की ते डूम राहत नाही. संदेश म्हणायचा, “मूळ तिकडे असेल रे. पण मला ते पहिल्यांदा ऐकताना आपलं बुद्धविहार आठवलं. भरलेली खोली, म्हातारे, बायका, सगळे वंदना म्हणतायत, सगळ्यांचा आवाज एका खालच्या सुरावर टेकलेला. माझ्या छातीत तेव्हा जे व्हायचं तेच यात होतं.”

“वंदनेला डूम म्हणतोस? बाहेर बोलू नकोस, मार खाशील.”

“मी डूमला वंदनेच्या शेजारी बसवतोय. मार पडला तर तुझ्या त्या इंग्रजांकडून पडेल.”

मी दोघांच्याही विरोधात. मला गाणं हवं ते मोर्चात म्हणता येणारं. पहिल्या ओळीत मुठी वर जायला हव्यात. मी त्याला म्हणायचे, “तुझं गाणं संपेपर्यंत मोर्चा आझाद मैदानात पोचून परत येईल.” तो हसायचा. मला ‘पत्रक’ म्हणायचा. “बरोबर आहे, पत्रक. पण मोर्चाहून घरी गेल्यावर, चपला काढून भिंतीला टेकल्यावर जे वाटतं ना, ते कोण वाजवणार?” मी चहा टाकायला उठायचे.

त्याचा सगळा राग एका गोष्टीवर होता: आपली दोन मिनिटांची शांतता. तुम्हीही पाहिलं असेल. सभेत सगळे उभे राहतात, मान खाली घालतात, आणि जेमतेम श्वास खाली बसतो तोच व्यासपीठावरून कोणीतरी ‘धन्यवाद’ म्हणतं. लोक सुटल्यासारखे खाली बसतात. संदेश म्हणायचा, “आपल्याला मेलेल्या माणसासाठी दोन मिनिटंसुद्धा निघत नाहीत यार. डूम म्हणजे काय, तर ‘धन्यवाद’ न म्हणणं.” केदार लगेच, “म्हणूनच सांगतो, हे पब्लिकचं काम नाही.” त्यावर संदेशने जे सांगितलं ते मी विसरू शकत नाही. तो म्हणाला, “पब्लिक आहे रे. कोणाच्या घरी कोणी गेलं की बायका येतात ना? भिंतीला टेकून बसतात. पाणी विचारलं तर नको म्हणतात. बोलत नाहीत, उठत नाहीत. तासभर. ते आपलं डूमचं पब्लिक. त्यांना तिकीट विकायचं नाही, त्यांच्यापर्यंत जायचंय.”

त्याचे बाबा लॉकडाउनमध्ये गेले. मावशीच्या घरी कोणी बसायला येऊ शकलं नाही. दाराबाहेर डबे ठेवले गेले, फोन आले, पण भिंती रिकाम्या राहिल्या. मावशी तेव्हा संदेशला एवढंच म्हणाली होती, “कोणी टेकलं नाही रे आपल्याकडे.” त्यावरून त्याने गाणं केलं. मराठीत. वस्तीतल्या ज्या ज्या घरात कोणी बसायला गेलं नाही, त्या घरात ते गाणं जाऊन बसतं. बस्स, एवढंच त्यात घडतं. मावशी कँटीनच्या कामावरून संध्याकाळी यायची, त्यामुळे तिच्या कानावर ते पडलं नव्हतं, आणि त्यानेही मुद्दाम ऐकवलं नाही. “एकटीने नको ऐकूस. सगळ्यांबरोबर ऐक,” तो तिला म्हणाला होता. म्हणून तर त्या डिसेंबरात ती फोटो घेऊन पुढे बसली होती. म्हणून तर मी म्हणते, अन्याय.

त्या दिवशी मी मंडळाशी भांडले. मोठ्या आवाजात, नेहमीसारखी. संदेश वायर गुंडाळत होता. निवेदक म्हणाला, “अहो ताई, गाणं सुरू झालं असतं तर आम्ही थांबवलं असतं का?” संदेश मान वर न करता म्हणाला, “सुरू झालं होतं, दादा.”

मेटलवाल्यांनीही काही वेगळं केलं नाही. केदारने घरातलं रेकॉर्डिंग त्यांच्या ग्रुपवर टाकलं. ते फोनवर केलेलं, मागे पायलिंगचे घणाघात. मग वाद पेटला. मराठीत डूम होतं का, हे डूम आहे की भजन, मागचा आवाज ड्रमचा की कसला. केदार, जो स्वतः संदेशशी इतकं भांडायचा, तो तिथे एकटा त्याच्या बाजूने लढला. शेवटी त्याने विचारलं, शेवटपर्यंत कोणी ऐकलं? एकानेही ऐकलं नव्हतं. मंडळाने बटण बंद केलं, यांनी अंगठ्याने पुढे सरकवलं. मला दोघांत फरक दिसत नाही.

संदेशची शोकसभा मंडळाच्याच हॉलमध्ये झाली. दोन मिनिटांसाठी उभे राहिलो. माझे डोळे मिटून होतात न होतात तोच आवाज आला, “धन्यवाद.” मला रडूही आलं आणि भयंकर हसूही. शेजारी केदारने माझा हात दाबला.

दुसऱ्या दिवशी बायका आल्या. आठवडाभर येत होत्या. तीच खोली, तीच भिंत, आणि या वेळी टेकायला जागा उरली नव्हती. कोपऱ्यात गिटारचा आवाज मोठा करणारा त्याचा अॅम्प, वर मावशीने घडी केलेले त्याचे शर्ट. एका दुपारी मावशी केदारला म्हणाली, “ते लाव.” केदार म्हणाला, “मावशी, आत्ता? सगळ्यांसमोर?” ती म्हणाली, “तो म्हणालेला, सगळ्यांबरोबर ऐक. लाव.” केदारने शर्ट उचलून माझ्या हातात दिले, फोन अॅम्पला जोडला. पहिला आघात झाला तशी एक म्हातारी दचकली, मग पदर सारखा करून पुन्हा टेकली. कोणी ‘हे काय’ विचारलं नाही. कोणी उठलं नाही. शब्द आले... मावशीने डोळे मिटले. बाहेर खरं मशीन चालू होतं आणि आत रेकॉर्डिंगमधलं, दोघांचे घण कधी एकत्र पडायचे, कधी मागेपुढे. शेवटचा सूर सुरू झाला तेव्हा केदारचा हात सवयीने फोनकडे गेला. मावशी म्हणाली, “वाजू दे.” सूर विरला, नुसती अॅम्पची घरघर उरली, आणि तीही आम्ही ऐकली.

अॅम्प अजून तिथेच आहे. मावशी कामावरून आली की त्याचा लाल दिवा लावते, आणि ती घरघर ऐकत चपला काढून भिंतीला टेकते.

डिसेंबरात मंडळाचा कार्यक्रम पुन्हा आहे. आम्ही संदेशचं गाणं लावण्यासाठी अर्ज दिला आहे, आणि या वेळी मी मंचावर, आवाजाची बटणं असलेल्या त्या मिक्सरशेजारी उभी राहणार आहे. पण सगळ्या हॉलमध्ये मी पुरी पडणार नाही. तेव्हा तुम्हाला, हे वाचणाऱ्यांना, सांगते: कुठल्या ना कुठल्या शोकसभेत माइक तुमच्याच हातात येणार आहे. दोन मिनिटं पूर्ण होऊ द्या. समोरच्याचं दुःख अजून सुरूच झालं नाही असं वाटलं, तरी बसून राहा. हात बटणावरून काढा.