हौदाकाठचा आंबा

कुईं... कुईं... कोलशेतच्या खाडीकाठच्या बागेतला रहाट असा रडायचा. तो बंद पडून जमाना झाला, पण दुपारी डोळा लागला की मला अजून ऐकू येतो. आणि त्याच्यामागून बागेतले एकेक किस्से येतात. किस्से पाल्यासारखे असतात बघा. सकाळी झाडून काढावेत, तर संध्याकाळी पुन्हा ढीग!

मी रहाटावर बैल हाकायचो. भिकूतात्या मुख्य माळी, सगुणाकाकू त्यांची बायको. बाग आमच्या मालकांच्या, म्हणजे सरकारांच्या, आजोबांनी लावलेली. मधे दगडी हौद, त्यात कारंजं, आणि खाडीपर्यंत उतरत गेलेल्या पायऱ्या. भरतीला शेवटच्या पायरीवर पाणी यायचं, तेव्हा वाटायचं सगळी बागच तरंगते आहे.

हौदाकाठी एक आंबा होता. काकू नवी नवरी होऊन आली तेव्हा तिनंच कोय पुरलेली. झाड छपरासारखं पसरलं, पण मोहोर काही आला नाही. काकूलाही मूल झालं नाही. सरकारांच्या वाड्यातही पाळणा हलला नव्हता. त्यांच्या पत्नी, वहिनीसाहेब, दर ऋतूत बाग बघायला यायच्या आणि फिरून झालं की त्याच आंब्याखाली काकूजवळ बसायच्या. दोघी फार बोलत नसत.

एका दसऱ्याला सरकार म्हणाले, "तात्या, यंदा मोहोर आला तर ठीक. नाहीतर हा पाडा. साहेबलोकांना बसायला चौथरा बांधू."

काकू तेव्हा त्याच आंब्याच्या आळ्यात पाणी घालत होती. तिनं कळशी पूर्ण रिकामी केली आणि दुसरी भरायला गेली.

*

त्याच थंडीत एक गोरा साहेब मडमेला घेऊन आला. धुकं नुकतं उठत होतं, गुलाब ओले होते. मी भिंतीमागे बैल हाकत होतो. रहाट फिरला, पाणी चढलं, कारंजं उडालं. मडमेनं खूश होऊन टाळ्या वाजवल्या.

कारंजं बसलं!

मी पुन्हा हाकलं. कारंजं उडालं. मडमेनं टाळ्या वाजवल्या. पुन्हा बसलं!

सरकार तांबडेलाल. तात्या शांतपणे म्हणाले, "सरकार, बैलाला टाळीवर थांबायची सवय आहे. तो हुकूम पाळतो, पण हुकूम कुणाचा हे बघत नाही!"

मग मडमेनं हात मागे बांधून कारंजं बघितलं.

*

फाल्गुनात सगळी बाग मोहोरानं घमघमत होती. आमचा आंबा मात्र हिरवागार, कोरा.

शेजारच्या गावचा इनास कलमं बांधायला यायचा. किरिस्ताव माणूस, पण झाडांच्या रीती सगळ्यांच्या सारख्याच. म्हणाला, "तात्या, भेव घालूया त्याला." ही जुनी रीत. एकानं कुऱ्हाड उगारायची, दुसऱ्यानं झाडाची रदबदली करायची.

इनासनं कुऱ्हाड उचलली. "तोडतो तुला! फळत नाय म्हंजे काय?"

तात्या हात जोडून ओरडले, "नको रे तोडू! पुढच्या साली भरभरून देईल!"

मागून आवाज आला, "तात्या, शब्द देतोस?"

सरकार उभे! आता त्यांना काय सांगणार? तात्या चाचरले. "देतो, सरकार."

"मग पुढच्या सालापर्यंत राहू दे."

ते गेले तशी इनासनं कुऱ्हाड खाली केली. "भेव झाडाला घालायचं होतं, तुमीच घाबरलात!"

तात्या म्हणाले, "अरे, आता त्याच्याआधी मलाच मोहोर यायचा!"

*

श्रावणात गावातल्या बाया पूजेला फुलं न्यायला येत. तात्यांचा दंडक होता: पडलेलं उचला, फांदीला हात लावायचा नाही.

एकदा जनी कोळीण परडी शिगोशीग भरून निघाली. तात्यांनी अडवलं. "प्राजक्त हलवलास ना?"

"नाय बा! हात कुठं लावला? दमले म्हणून जरा टेकले. आता माजं अंगच असं दांडगं, त्याला मी काय करू?"

वहिनीसाहेब आंब्याखाली बसल्या होत्या. मोठ्यानं हसल्या. त्यांचं तसं हसणं मी तेवढं एकदाच ऐकलं.

*

पुढचा फाल्गुन आला आणि गेला. मोहोर नाही. चैत्रात सरकार लाकूडतोडे घेऊनच आले. वहिनीसाहेबही आल्या आणि हौदाजवळच्या बाकावर बसल्या. नेमकं त्या दिवशी सूर्यग्रहण.

इनास म्हणाला, "सरकार, ग्रहणात मुसळ मारलं की वांझ झाड फळतं म्हणतात. एवढं करून बघा. धन्याच्या हातानं व्हायला हवं."

"बरं. शेवटचं."

कुणीतरी तात्यांच्या घरातलं मुसळ आणलं. काकूचंच. ती दारात उभी राहून बघत होती. ऊन राखेसारखं झालं. पक्षी गप्प झाले. पानांतून पडणारे कवडसे एकाएकी चंद्रकोरींसारखे दिसू लागले, जमिनीवर, हौदावर, आमच्या अंगावर शेकडो कोरी.

सरकारांनी मुसळ उगारलं आणि हसत ओरडले, "वांझोटं कुठलं! फळतंस की तोडू?"

बाकावरून वहिनीसाहेब उठल्या. चारचौघांत नवऱ्यासमोर मान वर न करणारी ती बाई. सरळ चालत आल्या आणि आंब्याला पाठ लावून उभ्या राहिल्या.

"मारा," म्हणाल्या.

दारातून काकू आली. पदर सारखा केला आणि त्यांच्या शेजारी तशीच उभी राहिली.

सरकारांचा हात वर होता तो तसाच राहिला. मग हळूहळू खाली आला. त्यांनी मुसळ गवतावर ठेवलं, लाकूडतोड्यांना बोटानं फाटक दाखवलं, आणि पायऱ्या उतरून खाडीकडे निघून गेले.