सासरे ओढ्यात, जावई धबधब्यावर

मी सासऱ्यांना ओढ्यात ठेवून धबधबा बघायला गेलो होतो. (गाडीला कुलूप लावून.)

हे वाचून माझ्याविषयी तुमचं जे मत झालं असेल, ते माझ्या बायकोचं आधीपासूनच आहे. पण माझी बाजू ऐका. मी पाथर्डीचा. आमच्याकडं ओढा ही पाण्याची जागा नव्हे. ओढा म्हणजे सावली असलेला रुंद रस्ता. आम्ही ओढ्यात क्रिकेट खेळलो, लग्नाच्या पंगती उठवल्या आणि पाहुण्यांच्या जीपाही कायम तिथंच लावल्या. एकही वाहून गेली नाही. ओढ्याला पाणी आलंच, तर अख्खं गाव नारळ घेऊन बघायला जातं!

गाडी मामांची, म्हणजे सासऱ्यांची. नवीकोरी, सीटवरचं प्लास्टिकही न काढलेली. सहलीसाठी मी ती मागितली, तर मामा म्हणाले, न्या की, मीबी येतो संगं. गाडी एकटी माझ्या हातात द्यायची त्यांची तयारी नव्हती.

राजूरला चहा घेतला. धबधबा सोपा आहे, लहान पोरंसुद्धा ओढ्याच्या कडेकडेनं चालत जातात, असं चहावाल्यानं सांगितलं. पुढं ओढा लागला. पावसाची उघडीप होती. एका कडेला पाण्याची बारीक धार, बाकी सपाट गोट्यांचा पट्टा आणि त्यावर झाडांची गार सावली. चार-दोन गाड्या मात्र वर रस्त्यालाच उन्हात तापत उभ्या. मला त्या लोकांची कीव आली. मी झोकात गाडी खाली उतरवली.

मामांचे गुडघे दुखत होते. तुमी या जाऊन, म्हणत ते मागच्या सीटवर आडवे झाले. मी काचा बोटभर उघड्या ठेवल्या आणि निघताना सवयीनं रिमोटचं बटण दाबलं. आमच्या लेकीचा, स्वराचा हात कुठंही जातो, म्हणून मागची दारं आतून उघडणार नाहीत अशी सोय मी आधीच केली होती. (सोय!)

धबधबा झकास होता. मी कपड्यांसकट खाली उभा राहिलो. पाणी आधी पांढरंशुभ्र होतं, मग दुधी झालं, मग स्वरा म्हणाली, "पप्पा, धबधब्याचा चहा झाला." आमच्या डोक्यावर ऊन होतं, पण वरचा डोंगर काळाकुट्ट झाला होता. डोंगरात पाऊस लागलाय वाटतं, असं माझी बायको सुनीता म्हणाली. लागू दे की, मी म्हणालो. मग अगदी हळू आवाजात तिनं विचारलं,

"अहो, आप्पा कुठंयत?"

"गाडीत."

"आणि गाडी?"

"ओढ्यात."

हा शब्द मी जन्मभर वापरत आलोय. त्याचा अर्थ मला त्या क्षणी कळला.

मोबाईलला रेंज नव्हती. स्वराला घेऊन वरच्या वाटेनं येते, तुम्ही पळा, असं सुनीता म्हणाली आणि मी पळालो. येतानाची पायवाट जागोजागी पाण्याखाली गेली होती. एक चप्पल चिखलानं ठेवून घेतली, दुसरी मीच सोडली. शेजारून ओढा माझ्यापेक्षा वेगानं धावत होता. एका वळणावर पाण्यातून पांढरं काहीतरी गेलं. मामांची टोपी! (पुढं दगडाला अडकल्यावर दिसलं, खताची गोणी होती. आपण सासऱ्यांचं डोकं एवढं मोठं कसं समजलो, याची लाज नंतर वाटली.) सासूबाईंना काय सांगायचं, याची वाक्यं मी पळता पळता जुळवत होतो. एकही वाक्य 'मी कुलूप लावलं' याच्यापुढं सरकेना.

पोचलो तेव्हा पाणी चाकं झाकून दारांना लागलं होतं. मामा मागच्या सीटवर ताठ बसलेले, टोपी डोक्यावर, चपला हातात. मी मांडीएवढ्या पाण्यात शिरलो आणि रिमोट दाबला. काही नाही. पुन्हा दाबला. (धबधब्याखाली मी एकटाच भिजलो नव्हतो.) दाराला हिसडे दिले, काच बडवली, शेवटी काच फोडायला दगड शोधू लागलो. तेवढ्यात बोटभर फटीतून शांत आवाज आला.

"जावईबापू, दगड नगं. हातात चावी हाय, ती भोकात घाला."

"आं?"

"आन फिरवा."

दार उघडलं. मामा, पाठीवर बसा, मी वीरश्रीनं म्हणालो. मामा बसले. दुसऱ्या पावलालाच गोटा निसटला आणि मी पाण्याखाली गेलो. वर आलो तेव्हा माझी कॉलर मामांच्या मुठीत होती, आणि दुखऱ्या गुडघ्यांचा तो माणूस मला वासरासारखा काठाकडं ओढत होता. सुनीता वरून धावत आली. वडिलांना आधी चाचपून पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. त्या नजरेचं वर्णन करत नाही. हे लेकरंही वाचतात.

पाणी ओसरल्यावर वाडीतल्या लोकांनी ट्रॅक्टरनं गाडी ओढून काढली. घरी सासूबाईंनी दारातच विचारलं, कसा हुता धबधबा? मामांनी टोपी झटकली.

"लई भारी. ह्ये तिघं चालत गेले. मला चालवत न्हाई, तर जावईबापूंनी गाडीपर्यंत आनून दिला."

ही गोष्ट तालुकाभर पोचली. परवा बाजारात एक अनोळखी शेतकरी मला थांबवून, हात जोडून म्हणाला, "सायेब, आमचा ओढा दोन वर्सं कोरडा हाय. एकदा गाडी आनून लावता का?"